रेणूचा उजवा हात

"मोज," शैलावहिनी म्हणाली.

तिनं रेणूचा उजवा हात माझ्या नाकासमोर धरला होता. मनगटाच्या वर, जिथं बाळसं वळी टाकून बसलेलं, तिथं दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या. वर चार दात, खाली चार. एका खुणेत रक्त साकळलेलं. शेजारी परवाच्या चाव्याचं निळं, त्याच्या वर त्याआधीच्या चाव्याचं पिवळं. बावीस महिन्यांच्या पोरीचा हात तो.

मी मोजले नाहीत.

"नको मोजूस. मी मोजलेत. पंधरा दिवसांत सहावा चावा. तू इथं पोरं राखतेस का कुत्री?"

रेणू मात्र रडत नव्हती. आईच्या कडेवर बसून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहत होती. तिथं भिंतीला पाठ लावून सोमा बसला होता. वीस महिन्यांचा, काळासावळा, नाकाला शेंबूड. चावणारा.

सतरा वर्षं झाली याला. आमच्या दिंडोरी भागात तेव्हा द्राक्षाची पॅकहाउसं जोरात होती. माल परदेशी जायचा, आणि तिकडच्या घेणाऱ्यांची अट होती की ज्या बायका काम करतात त्यांच्या लेकरांची सोय हवी. म्हणून मालकानं बारदानाची खोली झाडून घेतली, भिंतीवर एक हत्ती काढला आणि त्याला पाळणाघर म्हटलं. खेळणी आणली, पण ती पिशवीतच ठेवायची. पाहुणे तपासणीला आले की पिशवी फोडायची, गेले की परत बांधायची. अकरा पोरं आणि त्यांना एक मी. दहावी नापास, नवऱ्यानं पुढचा दात अर्धा पाडून माहेरी पाठवलेली लंका. पोरं सांभाळायला काय अक्कल लागते, असं मालकाला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

बायका दोन तऱ्हेच्या होत्या. एक आमच्या गावच्या, शैलावहिनीसारख्या, आणि दुसऱ्या सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या, हंगामापुरत्या आलेल्या. द्राक्षाचे घड कात्रीनं साफ करायचं काम दोघींनाही सारखंच. लेकराला पाजायची सुट्टीही दोघींना होती, पण भोंगे दोन वाजायचे. अकराला गावच्यांचा, साडेअकराला डोंगरच्यांचा. सगळ्या एकदम उठल्या तर काम थांबतं, असं सुपरवायझर आहेर अण्णा सांगत. खरं कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या बायकांना त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचं नव्हतं. मी गावचीच. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या गुरुवारी शैलावहिनी थेट अण्णांकडं गेली. अण्णा दुपारी माझ्याकडं आले आणि दारातूनच बोलले. शनिवारी बारा वाजता तपासणीचे पाहुणे येणार. पोरांच्या अंगावर चाव्याच्या खुणा दिसल्या तर नाचक्की. त्याआधी तो पोऱ्या सुधरव, नाहीतर शनिवारी अकराच्या भोंग्याला तो इथून बाहेर. मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं? त्याचा बाप तिकडं गुजरातच्या हद्दीत ऊस तोडतो. आई इथं एकटी.

अण्णा म्हणाले, "ते तिनं बघावं. काम करायचं असंल तर पोऱ्या ठेवून यावं. पोऱ्या सोडवत नसंल तर घरी जावं."

जाता जाता त्यांनी खिशातून काम करणाऱ्या बायकांचा तोंडाला लावायचा मास्क काढला आणि माझ्या हातात दिला. "बैल पिकाला तोंड घालतो तर आपण काय करतो? मुसकं बांधतो. बांध."

हे मी मनानं लिहीत नाही. माणसाच्या लेकरासाठी हा शब्द वापरला गेला आणि मी तो ऐकून मान हलवली.

आतापर्यंत मी काय काय केलं होतं ते सांगते. सोमाला ओरडले. कोपऱ्यात बसवलं. तिखटाचा डबा दाखवला. राजगिऱ्याचा लाडू कबूल केला, दिलाही, त्यानं खाल्ला आणि परत चावला. रेणूला आणि त्याला दोन टोकांना बसवलं, तर थोड्या वेळानं बघावं तो दोघं एकाच ठिकाणी. माझी खात्री होती की तोच तिचा माग काढत जातो. तसं जाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, कारण भोंग्याच्या गडबडीत माझं लक्ष बायका-पोरांत विखुरलेलं असायचं. पण चावणारा तो, म्हणजे जाणाराही तोच, हा माझा हिशेब.

आईनं घरी सांगितलं, "उलटा चाव. तुझ्या भावाला मी एकदाच चावले होते, जन्मात परत चावला नाही." आमच्याकडं हा उपाय घरोघरी माहीत. मी आईला म्हटलं, काहीतरीच.

शुक्रवारी सकाळी मी सोमाला मास्क बांधला. मोठ्या बाईचा मास्क, त्याच्या डोळ्यांपर्यंत यायचा. दोऱ्यांना कानामागं गाठी मारल्या. तो रडला नाही, नुसता आतून कापड चावत राहिला. दहा मिनिटांत मास्क लाळेनं चिंब. बाकीची पोरं लांबून बघत होती. एकटी रेणू उठली, डुलत डुलत त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या कानामागची दोरी ओढली. मी तिला उचलून परत जागेवर ठेवलं. ती पुन्हा गेली. मी पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा मी तिच्या हातावर चापट मारली. त्याच हातावर, जिथं चावा होता. तेव्हा ती रडली.

मग मला लाज वाटली आणि मी मास्क सोडला.

अकरा वाजत आले. आज काही झालं तरी चावा होऊ द्यायचा नाही, म्हणून मी सोमालाच कडेवर घेऊन दारापाशी उभी राहिले. भोंगा वाजला. गावच्या बायका टोप्या काढत, पदर सावरत आत शिरल्या. एकेक जण आपापलं लेकरू उचलायची आणि चटईवर बसायची. माझ्या कडेवर सोमा काठीसारखा ताठ झाला. मान लांब करून तो येणारीचं तोंड बघायचा, मग पुढचीचं. शेवटची बाई आत आली आणि दार लोटलं गेलं. त्यानं माझ्या खांद्यात तोंड घातलं आणि चावला. हाडापर्यंत.

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. दोन दिवसांचं सगळं माझ्या तोंडात आलं: वहिनीची कुत्री, अण्णांचा बैल, माझा दात पाडणारा तो घरचा. मी सोमाचा दंड धरला आणि चावले.

एवढासा दंड. माझ्या जबड्यात अख्खा मावला. हे लिहायला मला सतरा वर्षं लागली.

तो रडला नाही. त्यानं आधी दंडाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. खूप वेळ तोंडाकडंच. आणि मग, ज्या खांद्याला चावला होता त्याच खांद्यावर त्यानं डोकं टेकवलं आणि माझा पदर मुठीत धरला. मला वाटलं होतं तो भिईल, लांब पळेल. पळायचं तर कुणाकडं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

कुणी पाहिलं नाही. बायका लेकरांत गुंतलेल्या. मी त्याची बाही खाली ओढली.

संध्याकाळी सहाला देवकी त्याला न्यायला आली. त्याची आई. बारीक अंगाची, बोलायला कमी, कात्री चालवायला सगळ्यांत चपळ. तिचा एप्रन पुढून नेहमी ओला असायचा, त्या दिवशीही होता. कामाचं पाणी उडत असेल, असं मी धरून चालले होते. आता लिहिताना स्वतःचं हसू येतं. द्राक्षं कुणी धुतं का? धुतलं तर माल सडेल. हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तिनं सोमाला उचललं, आणि कसं कळलं कोण जाणे, आधी बाहीच वर केली. खुणेवर बोट ठेवलं. मी घाईनं म्हणाले की पोरांत खेळताना काहीतरी झालं असेल. देवकीनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. सोमानं पाहिलं होतं तसंच. मग पदराच्या टोकाला थुंकी लावून तिनं ती खूण पुसली, हलक्या हातानं, जणू ती पुसून जाणार होती. पोराला पाठीशी बांधलं आणि गेली.

शनिवारी ती त्याला घेऊन येणार नाही, असं मला वाटलं. खरं तर तशी आशा केली. ती आली. अण्णांनी तिला फाटकातच गाठून सांगितलं की अकरापर्यंतच, नंतर तुझं तू बघ. ती म्हणाली, मंग मीपण जाते. अण्णा म्हणाले, साडेअकरापर्यंत पेट्या भर आणि जा. काल अख्ख्या पॅकहाउसात सगळ्यांत जास्त पेट्या जिनं भरल्या तिला ते जा म्हणाले, कारण पाहुण्यांपुढं खोली चांगली दिसायला हवी होती.

खोली खरंच चांगली दिसत होती. खेळण्यांची पिशवी फोडलेली. पोरांचे चेहरे धुतलेले. मार्चच्या उन्हात रेणूला लांब बाह्यांचा स्वेटर घातलेला, चावे झाकायला. तो अण्णांचाच हुकूम.

अकराला पाच मिनिटं असताना अण्णा दाराबाहेर येऊन उभे राहिले. बायका पाजायला येणार म्हणून खोलीकडं पाठ करून. तेवढी रीत त्यांना होती. "भोंगा झाला की त्याला माझ्याकडं दे," ते बाहेरूनच म्हणाले.

मी सोमाला जवळ बसवलं होतं. हात धरला नव्हता. कालपासून त्याला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसती बघत बसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

भोंगा वाजला.

सोमा ताडकन उभा राहिला आणि दाराकडं धावला. गावच्या बायका आत आल्या. तो प्रत्येकीच्या पायाशी जाऊन वर पाहत होता. साडी, एप्रन, टोपी, सगळ्या एकसारख्या, त्यातलं एक तोंड तो शोधत होता. भोंग्याचं आणि आईचं काय नातं आहे हे त्याला कळलं होतं. भोंगा वाजला की आया येतात. सगळ्यांच्या येतात. दुसरा भोंगा असतो, हे वीस महिन्यांच्या पोराला कोण समजावणार? शेवटची बाई आत आली. तो दाराशी तसाच उभा. त्याचे ओठ हलायला लागले, दातावर दात घासायला लागले.

आणि मला दिसलं.

शैलावहिनी चटईवर बसून रेणूला हाका मारत होती. रेणू तिच्याकडं गेलीच नाही. ती उठली आणि उलट्या दिशेला, दाराकडं, सोमाकडं निघाली. स्वेटरच्या बाहीत हात अडकला होता. तिनं दातानं बाही मागं ओढली. मग तो हात, उजवा, सहा चाव्यांचा, तिनं पुढं केला आणि सोमाचा हात धरला. आणि ओढायला लागली, आपल्या आईकडं.

तो कधीच तिच्यामागं गेला नव्हता. रोज पहिल्या भोंग्याला तीच त्याच्याकडं जात होती. त्याची आई आली नाही हे त्या खोलीत एकटीला तिलाच दिसत होतं. ती त्याला न्यायला जायची, आणि दाराशी चिकटलेल्या त्या पोराला दारापासून ओढलं की तो समोरचा हात चावायचा. म्हणून सगळे चावे एकाच हातावर. ती रडायची, दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायचा, आणि ती तोच हात परत पुढं करायची. सहा वेळा. मला एकदा चावला तर मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

मी काही बोलणार होते, पण शैलावहिनीनं मला हातानं गप्प केलं. तीही पाहत होती. चटईवरच्या सगळ्याच बायका पाहत होत्या.

सोमानं तोंड उघडलं. रेणूच्या हातावर वाकला. दात मला स्पष्ट दिसले. रेणूनं डोळे घट्ट मिटले. हात मात्र काढला नाही.

"रेणे," वहिनी एवढ्या हळू म्हणाली की ते कुणाला ऐकू जाण्यासाठी नव्हतंच. "आण त्याला. आण बाई."

कशानं ते मला आजही सांगता येणार नाही, पण सोमा थांबला. रेणूनं ओढलं. तो दोन पावलं आला. परत ओढलं. असं करत करत त्या एवढ्याशा पोरीनं त्याला अख्खी खोली ओलांडून आईपर्यंत आणलं आणि आईचा पदर बाजूला करून त्याचं डोकं आत ढकललं. आपण पाट सरकवतो आणि म्हणतो ना, बस, जेव. अगदी तसं.

आता खोलीत कुणीच हलत नव्हतं. गावच्या बाईच्या मांडीवर डोंगरचं पोर. तेही चावरं, आठ दातांचं. आणि तिची छाती उघडी. शैलावहिनीचं तोंड पांढरं पडलं होतं. ज्या बाईनं गुरुवारी त्याला हाकलायला सांगितलं होतं तिनं एक हात त्याच्या डोक्यामागं घेतला, दुसऱ्या हातानं चटई घट्ट धरली, डोळे मिटले आणि त्याला जवळ घेतलं. आईचे तसेच मिटलेले डोळे पाहिले, तेव्हा कळलं लेकीनं ते कुणाकडून घेतले.

सोमा प्यायला लागला. त्याच्या घशाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. वहिनीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. चटईवरची पकड सुटली.

ज्या तोंडानं मला हाडापर्यंत चावलं होतं ते हेच तोंड. दात कुठं ठेवायचे ते त्याला येत होतं. पहिल्यापासून येत होतं.

बाहेरून अण्णांचा आवाज आला. "लंका, पोऱ्या दे."

शैलावहिनीनं उत्तर दिलं. "पोऱ्या पितोय."

"कुणाजवळ?"

"माझ्याजवळ. आणि तो कुठं जाणार नाही, अण्णा."

"चावला तर?"

"मला चावंल. तुम्हाला काय चावणार हाय? जा, तुमच्या पाहुण्यांचं चहापाणी बघा."

कुणीतरी हसलं. अण्णांच्या चपला वाजत लांब गेल्या. पाठ फिरवून उभे होते म्हणून त्यांनी काहीच पाहिलं नाही, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नव्हता. पाहुणे बाराला आले, खेळणी आणि चादरी बघितल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. दोन भोंग्यांचा एक अण्णांनी काही आपणहून केला नाही. सोमवारी अकराचा भोंगा वाजल्यावर गावच्या बायका जागेवरून उठल्याच नाहीत. डोंगरच्या लेकुरवाळ्या उठेपर्यंत आम्ही उठत नाही, असं शैलावहिनीनं सांगितलं. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी साडेअकराचा भोंगा बंद झाला.

पण ते नंतरचं. शनिवारी साडेअकराला भोंगा वाजला आणि देवकी दारात आली. कामाची टोपी तिनं काढून हातात घेतली होती, जायच्या तयारीनंच आली होती. गावच्या बायका अजून उठल्या नव्हत्या, वेळ होऊन गेली तरी. तिनं आपलं पोर कुणाच्या मांडीवर झोपलंय ते पाहिलं आणि तिचे पाय उंबऱ्यावरच थबकले. एप्रनवर पुढं दोन ओले डाग. मी तिकडं बघतेय हे तिनं पाहिलं.

"पहिल्या भोंग्यालाच पान्हा सुटतो, ताई," ती म्हणाली. "आवरत न्हाई. दुसऱ्या भोंग्यापत्तूर सगळा कापडात जातो."

अर्धा तास. रोज भिंतीच्या अल्याड हा दाराशी उभा, आणि पल्याड तिचं दूध एप्रनमध्ये जिरत. मध्ये एक भोंगा.

कुणी तिला ये म्हणालं नाही. म्हणायला सुचलं नाही, किंवा जीभ उचलली नाही. रेणू उठली. तिनं देवकीचं एक बोट धरलं, त्याच हातानं, आणि तिला आत ओढलं. चटई लहान होती. शैलावहिनी सरकली.

देवकी बसली. सोमाला घेतलं. तो झोपेतच तिला लागला. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "देवकी, तो दात माझा होता."

तिनं वर पाहिलं नाही. पोराची बाही वर सारली, खुणेवरून बोट फिरवलं. वरच्या ओळीत मधोमध एका दाताची खूण अर्धीच होती.

"ठावं हाय," ती म्हणाली. "असा अर्धा दात दुसऱ्या कुणाला हाय?"

"मग आज परत आणलंस त्याला? माझ्याकडं?"

"आनलं ना." आता तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता आणि माफीही नव्हती. "मंग कुठं नेऊ?"

रेणू तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती. स्वेटर अंगात होता, पण उजवी बाही कोपरापर्यंत वर. मी ती खाली ओढली नाही.